मनी प्लांटला चढू द्या

मराठी घरात मनी प्लांट कुठे असतो? फ्रिजच्या डोक्यावर, टीव्हीमागच्या कोपऱ्यात, बेसिनच्या कडेला जॅमच्या रिकाम्या बाटलीत, नाहीतर जिन्याच्या वळणावर. म्हणजे जिथे दुसरं काही तगत नाही तिथे. तरीही तो तगतो. वर्षभरात चार पानं गळतात, तीन नवी येतात, उघडाबोडका वेल पडद्याच्या दांडीवर जाऊन टेकतो आणि या झाडाला काही म्हणजे काही लागत नाही, अशी घरातल्यांची खात्री पटते. ही खात्री खोटी आहे. मनी प्लांट हाल सोसतो, इतकंच. त्याला काय हवं आहे हे पाहायचं, तर तो मुळात कसा जगतो ते आधी पाहिलं पाहिजे.

त्याचं मूळ गाव म्हणजे फ्रेंच पॉलिनेशियातलं मूरेआ बेट. प्रशांत महासागरातलं, बारा महिने उबदार आणि दमट. तिथल्या जंगलात हा वेल जमिनीवरून सरपटत एखादं खोड गाठतो आणि मग वर चढतो, पार वीस मीटरपर्यंत. सरपटत असतो तोवर पानं लहान आणि बदामाच्या आकाराची असतात. चढायला लागला की पानागणिक आकार वाढत जातो आणि पूर्ण वाढलेल्या वेलाची पानं मीटरभर लांब, कडांनी चिरलेली होतात. मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये, कोकणात, गोव्यात आंब्याच्या किंवा माडाच्या खोडाला बिलगलेला, सुपाएवढ्या पिवळट-हिरव्या पानांचा वेल तुम्ही पाहिला असेल. बहुतेकांना ते काहीतरी निराळंच झाड वाटतं. तो हाच मनी प्लांट.

त्याच्या ओळखीचा घोळ वनस्पतिशास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं पुरला. १८८० मध्ये त्याला ‘पोथॉस’ प्रजातीत टाकलं गेलं, मग दुसऱ्या-तिसऱ्या प्रजातींत फिरवून १९६४ मध्ये तो ‘एपिप्रेम्नम’मध्ये स्थिरावला. नर्सरीतल्या पाटीवर अजून ‘पोथॉस’ दिसतं ते त्या पहिल्या नावामुळे. घोळाचं कारण साधं होतं: झाडाची ओळख फुलावरून ठरते आणि हा वेल फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. फुलं येण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारं एक जनुक त्याच्यात नीट काम करत नाही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. बाहेरून ते संप्रेरक दिल्यावर मात्र वेल फुलला. फूल नाही म्हणजे बी नाही, त्यामुळे घरोघरचे मनी प्लांट कुणाच्या तरी वेलाचे तुकडे आहेत. चोरून आणलेलाच मनी प्लांट लाभतो, ही समजूत ज्याने कुणी पसरवली त्याने फुकटात रोपं मिळवायची सोय चांगली केली. शेजारच्या काकूंकडे मागितलं तरी त्या आनंदाने एक फांदी देतील.

विकत घ्यायचं झालं तर एक तपासणी करा. मनी प्लांट म्हणून पुष्कळदा बदामी पानांचा फिलोडेंड्रॉन गळ्यात मारतात. तोही चांगला वेल आहे, जोपासनाही बरीचशी सारखीच, पण वेगळा आहे हे माहीत असावं. नवं पान कसं येतं ते पाहा. फिलोडेंड्रॉनचं पान एका पातळ आवरणातून बाहेर पडतं आणि ते आवरण नंतर वाळून गळतं. मनी प्लांटमध्ये असं वेगळं आवरण नसतं. आधीच्या पानाच्या देठालगत गुंडाळीसारखं नवं पान येऊन उलगडतं. शिवाय मनी प्लांटचं पान हाताला जाडसर लागतं. जातींमध्ये साधा हिरवा-पिवळा ‘गोल्डन’ सर्वांत दणकट. ‘मार्बल क्वीन’, ‘एन्जॉय’, ‘मंजुळा’ या पांढऱ्या छटेच्या जाती देखण्या खऱ्या, पण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. तेवढा भाग अन्न बनवत नाही. म्हणून त्या सावकाश वाढतात आणि त्यांना उजेड जास्त लागतो. पहिल्यांदाच झाड आणत असाल तर गोल्डन घ्या.

आता उजेड. मनी प्लांटचे नव्वद टक्के प्रश्न पाण्याचे वाटतात आणि निघतात उजेडाचे, असं माझं मत आहे. झाड उजेडावर अन्न बनवतं, त्या कामात मुळांवाटे पाणी ओढतं आणि पानांवाटे सोडतं. अंधाऱ्या कोपऱ्यात हे काम मंदावतं. आपण मात्र ठरल्याप्रमाणे रोज पेलाभर पाणी घालत राहतो. ते प्यायला कुणी नसतं, माती ओली राहते, मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी साचतं, मुळं गुदमरतात आणि कुजतात. पानं पिवळी पडली की आपण म्हणतो, पाणी कमी पडलं असेल, आणि आणखी एक पेला ओततो.

जागा बरोबर आहे का, हे पाहायला कुठलं यंत्र नको. दुपारी दिवा न लावता त्या जागी बसून वर्तमानपत्राचा बारीक मजकूर आरामात वाचता आला पाहिजे. पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन लागलं तरी चालतं. उत्तरेची खिडकी वर्षभर चालते, फक्त झाड काचेच्या जवळ हवं. पश्चिमेचं ऊन, विशेषतः मार्च ते मेचं, पानं भाजतं. तिथे पातळ पडदा लावा किंवा कुंडी दोन-तीन फूट आत घ्या. उन्हाने भाजलेल्या पानावर फिकट, कागदासारखे कोरडे डाग पडतात आणि ते पान पुन्हा हिरवं होत नाही. उलट उजेड कमी पडला की दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं आणि पानावरची पिवळी-पांढरी नक्षी फिकट होत होत जाते. वास्तुशास्त्र सांगतं म्हणून आग्नेय कोपरा धरायचा असेल तर धरा, पण तिथे खिडकी आहे ना, हे आधी बघा.

पाण्याला वार ठरवू नका. सोमवार-गुरुवार असा हिशेब झाडाला कळत नाही. तर्जनी दोन पेरं मातीत खुपसा. आत कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेव्हा मात्र सढळ हाताने, कुंडीच्या तळच्या भोकातून निथळेपर्यंत. बशीत साचलेलं पाणी ओतून द्या. पुण्यात मे महिन्यात हीच वेळ तीन-चार दिवसांनी येईल, नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. रत्नागिरीत आषाढात आठवडा-दहा दिवस माती ओली राहिली तर नवल नाही. पावसाळ्यात झाडांना पाणी घालायचं विसरणारे लोक मला आवडतात. त्यांची झाडं जगतात.

पान लुळं पडलं की घाबरून पाणी घालण्याआधी माती पाहा. माती कोरडी आणि पानं लुळी असतील तर झाड तहानलेलं आहे. पाणी मिळाल्यावर काही तासांत ते सावरतं. माती ओली आणि पानं लुळी असतील तर मुळं कुजायला लागली आहेत. अशा वेळी झाड कुंडीतून काढा, माती झाडा. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात, कुजलेली तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वासाची. ती स्वच्छ कात्रीने कापून टाका आणि नव्या, कोरडसर मातीत लावा. मुळं जवळपास सगळीच गेली असतील तर हिरव्या फांद्या कापून नव्याने सुरुवात करणं बरं. तळाचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळलं तर ते वयामुळे, त्याची चिंता नको. सकाळी पानांच्या टोकावर पाण्याचा थेंब लोंबताना दिसला तर तोही आजार नाही; रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी झाड असं बाहेर टाकतं. टोकं तपकिरी होणं मात्र बहुतेकदा क्षारांचं लक्षण असतं. बोअरवेलच्या जड पाण्याने मातीवर आणि कुंडीच्या कडेवर पांढरा थर जमतो. तो दिसला की पावसाचं पाणी साठवून वापरा, किंवा महिन्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन भरपूर पाण्याने माती धुऊन काढा.

मातीबद्दल थोडक्यात. नर्सरीतली लाल चिकणमाती वाळली की विटेसारखी घट्ट होते आणि शेतातली काळी माती पाणी धरून बसते. दोन्ही एकट्या नकोत. दोन भाग लाल मातीत एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग भाताचं तूस, जाडी वाळू किंवा परलाइट मिसळा. कोकोपीटची वीट भिजवल्यावर एकदा पाण्यातून काढून पिळून घ्या, त्यात क्षार असू शकतात. कुंडीच्या तळाशी खड्यांचा जाड थर घातल्याने निचरा वाढतो हा गैरसमज आहे. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या खालच्या थरातच अडकतं, आणि खड्यांनी जागा खाल्लेली असल्यामुळे हा ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवा, पुरे. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन इंचांनीच मोठी असावी. भोक नसलेल्या चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीत थेट झाड लावू नका. साध्या कुंडीत लावून ती तिच्यात बसवा आणि पाणी घालताना बाहेर काढा.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते आणि तिच्याकडे फारच थोड्या घरांत लक्ष जातं. हा चढणारा वेल आहे आणि आपण त्याला लोंबकळत ठेवतो. खाली लोंबणाऱ्या फांदीची पानं टोकाकडे लहान लहान होत जातात. आधार मिळाला, पेरांतून निघालेली हवाई मुळं त्या आधारात घुसली, की तीच फांदी मोठी पानं द्यायला लागते. लोंबती टोपली दिसायला छान असते हे कबूल, पण मनी प्लांटचं खरं रूप पाहायचं असेल तर त्याला वर जाऊ द्या.

बाजारात मॉस स्टिक या नावाने पीव्हीसीच्या नळीवर काथ्या गुंडाळलेले खांब मिळतात. ते घरीही करता येतात: तीन-चार फुटांची नळी आणि तिच्यावर काथ्याची चटई किंवा नारळाच्या सोडणांचा थर सुतळीने घट्ट गुंडाळलेला. खरखरीत लाकडाचं फळकूटही चालतं. गुळगुळीत बांबू किंवा लोखंडी सळई नको, मुळांना पकड मिळत नाही. खांब कुंडीत झाड लावतानाच रोवा. नंतर खुपसला तर मुळं तुटतात. खोडाच्या ज्या अंगाला हवाई मुळांचे कोंब दिसतात ते अंग खांबाकडे ठेवा आणि सुती चिंधीने सैलसर बांधा. गाठ खोडाला मारायची, पानाच्या देठाला नाही, कारण पान उजेडाकडे वळायला मोकळं हवं. आणि खांब ओला ठेवा. कोरड्या काथ्यात मूळ शिरत नाही, मग खांब नुसता टेकू उरतो. कुंडीला पाणी घालाल तेव्हा वरून खांबावरही सावकाश ओता. पानांवर दिवसातून तीनदा फवारे मारण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी. घरात मीटरभर लांबीची पानं येणार नाहीत, पण हातभर उंचीवर गेल्यावर आकारातला फरक डोळ्यांना दिसेल.

वेल छताला टेकला किंवा मधूनच बोडका झाला तर कापा. छाटणीला घाबरू नका, कापलेल्या जागेच्या खालच्या डोळ्यातून नवी फूट येते. खोडावर पान जिथून निघतं तिथला फुगीर सांधा म्हणजे पेर. नव्या रोपासाठी तुकड्याला किमान एक पेर हवंच, दोन असतील तर उत्तम. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटतील आणि ते महिनोन्‌महिने हिरवंही राहील, पण त्यातून वेल कधीच निघणार नाही. तुकडे पाण्यात ठेवा किंवा थेट ओलसर मातीत खोचा. जून-जुलैच्या हवेत दोन्ही रुजतात. पाण्यात ठेवलेत तर मुळं दोन-तीन इंचांची झाली की मातीत हलवा. फार काळ पाण्यात वाढलेली मुळं मातीत गेल्यावर रुसतात. आणि एक युक्ती: नर्सरीतली भरगच्च कुंडी म्हणजे एक झाड नसतं, त्यात आठ-दहा तुकडे एकत्र खोचलेले असतात. आपल्या बोडक्या वेलाचे तुकडे करून त्याच कुंडीत लावा, कुंडी भरेल.

बाटलीतला मनी प्लांट कायमचा बाटलीत ठेवायला हरकत नाही. वाढ बेताची राहते, पण स्वयंपाकघराच्या खिडकीत शोभतो. इथे मात्र धोका झाडाला नाही, तुम्हाला आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यातून डास बाहेर पडायला उबदार हवेत आठवडा ते दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरात येऊन कुंडीखालच्या बश्या आणि मनी प्लांटच्या बाटल्या तपासतात ते उगीच नाही. पाणी आठवड्यातून एकदा बदला. नुसतं ओतून नवं भरणं पुरेसं नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. बाटली आतून ब्रशने घासा आणि तोंडाशी कापसाचा बोळा किंवा जाळी लावा. गडद रंगाची बाटली घेतली तर शेवाळही कमी धरतं.

खताचा फार बाऊ नको. कुंडीतल्या झाडाला मार्च ते ऑक्टोबर या वाढीच्या काळात दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. विद्राव्य १९:१९:१९ वापरत असाल तर लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, आणि माती आधी ओली असताना. चहाचा चोथा घालायचा असेल तर साखर-दूध निघेपर्यंत धुऊन आणि वाळवून घाला, नाहीतर मुंग्या आणि बुरशी यांची सोय होते. आजारी झाडाला खत देऊ नका, आधी मुळं सावरू द्या.

देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. जास्त असतील तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब घोळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेही, आणि आठवड्याने पुन्हा. कोरड्या हवेत, विशेषतः एसीच्या झोताखाली, लाल कोळी येतो. पानांवर बारीक फिकट ठिपके पडतात आणि मागे जाळं दिसतं. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसत गेलात तर धूळही जाते आणि कीड वेळेत सापडते.

थंडीत, तापमान दहा-बारा अंशांच्या खाली जाऊ लागलं की वाढ थांबते. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात गॅलरीतली कुंडी रात्री आत घ्या आणि पाणी कमी करा. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्यांनी हिवाळ्यात ती गार काचेला टेकवू नये आणि हीटरच्या वरही ठेवू नये.

मनी प्लांट घरातली हवा शुद्ध करतो, ही जाहिरात मात्र विसरा. तिचा आधार म्हणजे १९८९ चा नासाचा अहवाल. त्यातले प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं की इमारतीत एरवी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. खिडकी उघडणं स्वस्त पडतं.

घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर वेल त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा. मनी प्लांट अळूच्या कुळातला आहे. कच्च्या अळूने घसा खाजतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच इथेही असतात. पान चावलं गेलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात. तोंड पुसून, धुऊन थंड पाणी द्या. सूज वाढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे जा. प्राण्याला पशुवैद्याकडे न्या. छाटणीनंतर तुमचेही हात धुवा, काहींना चिकाने खाज सुटते.

राहता राहिल्या छाटलेल्या फांद्या. त्या टेकडीवर, ओढ्याकाठी किंवा रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन टाकू नका. एका पेराचा तुकडाही ओल्या जागी रुजतो. श्रीलंका, हवाई आणि फ्लोरिडा इथे घरांतून बाहेर पडलेला हाच वेल जंगलात पसरून तिथल्या झाडांना झाकतो आहे. सह्याद्रीत अळूच्याच कुळातला गणेशकंदासारखा आपला चढणारा वेल आहे, त्याच्या जागेवर हा पाहुणा नको. फांद्या बारीक चिरा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मगच ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टच्या पिंपात टाका.